आटणें, वाळणें वगैरे

उत्तरपत्रिका तपासण्याचें काम मी गेलीं तीस वर्षें करीत आलों आहें. आणि या रुक्ष कामांतला एकच आनंद मला अजून शिळा झाल्यासारखा वाटत नाहीं. तो म्हणजे, आपण विचारलेल्या प्रश्नाचें आपल्या स्वप्नांतही न आलेलें उत्तर वाचावयास मिळणें. शहाणीं उत्तरें सगळीं एकसारखीं असतात. तीं आपणच वर्गांत सांगितलेलीं असतात, आणि आपलेच शब्द साठ निरनिराळ्या हस्ताक्षरांत वाचण्यासारखी दुसरी शिक्षा नाहीं. चुका मात्र ज्याच्या त्याच्या स्वतःच्या असतात.

तीनचार वर्षांपूर्वीं पहिल्या वर्षाच्या वर्गाला मीं अंतर्गत परीक्षेंत एक साधा प्रश्न घातला होता. इंग्रजींतील 'ड्राय' या क्रियापदाला 'ऑफ', 'आउट' आणि 'अप' हीं अव्ययें जोडून जीं तीन रूपें होतात, त्यांतील प्रत्येकाचीं दोन दोन वाक्यें करावींत, एवढेंच त्यांत मागितलें होतें. एका वाक्यास एक गुण. उत्तरें अपेक्षेप्रमाणें आलीं, म्हणजे अपेक्षेबाहेरचीं आलीं. एका विद्यार्थ्यानें आंघोळ करून आलेल्या आपल्या आजीला अंगणांतल्या उन्हांत बसवून 'ड्राय आउट' केलें होतें. इंग्रज वाचकाला ही आजी एक तर ओलसर लांकडाची असावी, किंवा मद्याचें व्यसन सोडविणाऱ्या एखाद्या रुग्णालयांत दाखल झालेली असावी, असेंच वाटलें असतें. दुसऱ्या एकानें परीक्षेच्या आदल्या रात्रीं आपला मेंदू 'ड्राय ऑफ' करून ठेवला होता. त्याचा उर्वरित पेपर पाहतां हें वाक्य व्याकरणदृष्ट्या चुकीचें असलें तरी वस्तुस्थितीला धरून आहे, अशी माझी खात्री पटली.

याच गठ्ठ्यांत एका मुलीच्या कागदावर 'ड्राय अप'चीं दोन वाक्यें होतीं. पहिलें, आमची विहीर ड्राय अप झाली. दुसरें, माझे वडील ड्राय अप झाले. पहिल्यापुढें मीं बरोबरची खूण केली. दुसऱ्याखालीं लाल शाईची रेघ ओढली, समासांत 'कर्ता अयोग्य' असें लिहिलें आणि पान उलटलें.

त्या रेघेची हकीकत पुढें सांगतों. आधीं ती मीं ज्या अधिकारानें ओढली, त्या अधिकाराविषयीं थोडें सांगितलें पाहिजे.

डॉ. जॉन्सननें १७५५ सालीं आपला इंग्रजी कोश प्रसिद्ध केला, त्याच्या प्रस्तावनेंत त्यानें कबूलच करून टाकलें आहे कीं, क्रियापदाच्या शेपटीला एखादें अव्यय लावून त्याचा अर्थ पालटण्याची जी खोड या भाषेला आहे, तिच्यामुळें परकीयांची सर्वांत मोठी अडचण होते. दुखणें इतकें जुनें असूनही त्याला सर्वमान्य नांव मिळावयास पुढें दीडशेंहून अधिक वर्षें जावीं लागलीं. 'फ्रेझल व्हर्ब' ही आज शाळकरी मुलांच्या तोंडीं असलेली संज्ञा लोगन पीअरसॉल स्मिथनें १९२५ सालच्या आपल्या पुस्तकांत वापरली, आणि ती सुचविल्याचें श्रेय ऑक्सफर्ड कोशाचा संपादक हेन्री ब्रॅड्ले याला दिलें. दुखण्याला नांव मिळालें म्हणजे रोग्याला थोडा धीर येतो, एवढाच त्याचा उपयोग. कारण अव्ययें तींच राहिलीं, आणि आमचीं मुलें त्यांत पूर्वींप्रमाणेंच बुडत राहिलीं.

त्यांना कांठावर आणण्यासाठीं मीं स्वतःपुरता एक नियम तयार केला होता. कोणत्याही व्याकरणकाराची त्यावर सही नाहीं, हें आधींच सांगून ठेवतों. अंगावर, पानावर, मोटारीच्या कांचेवर पाणी वरवर असतें. तें निघून गेलें कीं 'ऑफ'. लांकडांत, भिंतींत, भिजलेल्या गादींत तें आंत मुरलेलें असतें. तें बाहेर पडलें कीं 'आउट'. आणि जेथें पाणी हेंच वस्तूचें सर्वस्व असतें, म्हणजे नदी, विहीर, डबकें, ओहोळ, तेथें तें नाहींसें झालें कीं 'अप'. मुलें विचारतात, पाणी तर खालीं जातें, मग 'अप' कां? प्रश्न चांगला आहे. खाऊन टाकणें, पिऊन टाकणें, वापरून संपवणें या साऱ्यांना इंग्रज 'अप' लावतो. तेथें तो दिशा दाखवीत नसून 'सगळें, शेवटच्या थेंबापर्यंत' एवढेंच सांगत असतो. आमच्या मराठींत हेंच काम 'टाकणें' आणि 'जाणें' हीं दोन गरीब क्रियापदें बिनबोभाट करतात. पाणी आटलें म्हटलें तर अजून तळाशीं घागरभर असूं शकतें. आटून गेलें म्हटलें कीं पोहरा वर घ्यावा.

पण खरें सांगावयाचें तर या तीन अव्ययांची यातायात इंग्रजाला करावी लागते ती त्याच्याजवळ 'ड्राय' हें एकच क्रियापद आहे म्हणून. आमचें घर या बाबतींत भरलेलें आहे. कपडे वाळतात, फूल सुकतें, विहीर आटते, तोंडाला कोरड पडते, अंग पुसलें जातें, आणि पावसांतून आलेली छत्री दाराशीं निथळत उभी राहते. यांतलें एकही क्रियापद दुसऱ्याच्या जागीं बसवून पाहावें. विहीर वाळली किंवा धोतर आटलें असें कोणी म्हणाला, तर तो कोणत्या गांवचा, असें आपण विचारूं. धोतर आटतें तें निराळ्या अर्थानें, पहिल्या धुण्यांत, आणि तें पाहून दुकानदाराची आठवण होते.

वाळणें आणि सुकणें यांतला भेद ज्यांना कळत नाहीं असे पुरुष माझ्या पाहण्यांत बरेच आहेत. बायका फारशा नाहींत. माझ्या आईला तो व्याकरण न शिकतां कळत होता. उन्हाळ्यांत गच्चीवर तिचें वाळवण पडे. कुरडया, सांडगे, पापड, बटाट्याचा कीस, मिरच्या. आम्हां मुलांपैकीं एकाला काठी देऊन कावळे हांकावयास बसवलें जाई. तो राखणदार कच्च्या पापडाचे तुकडे तोंडांत टाकून कावळ्यांपेक्षां अधिक नुकसान करी, हा भाग निराळा. संध्याकाळीं आई वर येऊन एक मिरची बोटांत धरून मोडून पाही आणि 'वाळली' म्हणे, तेव्हां तिच्या स्वरांत वर्षाची बेगमी झाल्याचें समाधान असे. त्याच हातानें ती खालीं येऊन टोपलींतली मेथी उचली आणि 'सुकली गं बाई' म्हणे, तेव्हां त्यांत पैसे वायां गेल्याची हळहळ असे. आपण मुद्दाम करतों आणि जपून ठेवतों तें वाळणें, आपल्या नकळत होतें आणि हातचें जातें तें सुकणें, असा अर्थ मीं त्यावरून लहानपणींच बसवून घेतला. कोंकणांतले वाचक येथें सुक्या बांगड्याकडे आणि सुक्या खोबऱ्याकडे बोट दाखवतील, आणि त्यांचें म्हणणें मान्य केलें पाहिजे. माझी आई घाटावरची होती. पण मुलाचा चेहरा सुकला असें आपण सगळेच म्हणतों. आणि सुकलेला चेहरा कोणी डब्यांत भरून ठेवीत नाहीं.

हा 'सुक' संस्कृतांतल्या 'शुष्क'चा वंशज. पानें करपून गेल्यावर इंग्रज कवि त्यांना 'सिअर' म्हणतात, तोही याच घराण्यांतला, फार पूर्वीं वेगळा होऊन पश्चिमेकडे गेलेला. 'ड्राय' मात्र परक्या कुळांतला. त्याचा सख्खा भाऊ 'ड्राउट', म्हणजे दुष्काळ. इंग्लंडसारख्या सदा भिजलेल्या देशांत या दोघां भावांना फारसें काम नसावें असें वाटतें. परंतु तेथल्या माणसानें हा शब्द इतक्या ठिकाणीं राबवला आहे कीं ज्याचें नांव तें. न हंसतां केलेला विनोद ड्राय, गोडी नसलेली दारू ड्राय, आणि जेथें दारूच मिळत नाहीं तो गांवही ड्राय. अमेरिका १९२० पासून १९३३ पर्यंत अशी कायद्यानें कोरडी होती. आमच्याकडे मुंबई राज्याचा दारूबंदीचा कायदा १९४९ चा. त्यामुळें ज्याला इंग्रजीचा गंध नाहीं असा मनुष्यही 'ड्राय डे'चा अर्थ बरोबर सांगतो, आणि आदल्या दिवशीं करावयाची तजवीजही.

माझ्या नियमाला एक गाय आडवी येते, हेंही प्रामाणिकपणें नमूद करतों. व्यायला सुमारें दोन महिने उरले कीं गाईचें दूध काढणें बंद करून तिला विसांवा द्यावयाचा, या रीतीला इंग्रज शेतकरी 'ड्राय ऑफ' म्हणतो. दूध तर गाईच्या अंगावर पसरलेलें नसतें. मग 'ऑफ' कसें? मला उत्तर सुचलेलें नाहीं. आमच्याकडे 'गाय आटली' म्हणतात, आणि दुधालाही आटणें, विहिरीलाही आटणें लावतात. शिवाय तेंच दूध चुलीवर ठेवून आपण स्वतः आटवलें कीं बासुंदी होते. गोठ्यांतली हानि आणि माजघरांतली मेजवानी एकाच क्रियापदांत सांठवणारी ही भाषा मला इंग्रजीपेक्षां खोल वाटते. पण मी इंग्रजी शिकवून पोट भरतों, म्हणून हें मत वर्गांत सांगत नाहीं.

'ड्राय अप'चे व्यवहारांतले आणखी दोन अर्थ आहेत, आणि त्यांनीं मला तरुणपणीं चांगलेंच अडचणींत आणलें. एक अर्थ अमेरिकन. 'ड्राय अप!' असें नुसतें आज्ञार्थीं म्हटलें कीं 'तोंड बंद कर' असा अर्थ होतो. हें बोलणें एकोणिसाव्या शतकांतलें आहे. कॉलेजांत असतांना मीं रस्त्यावर रद्दीच्या भावानें मिळणाऱ्या अमेरिकन रहस्यकथा पुष्कळ वाचल्या होत्या, आणि त्यांतल्या गुंडांकडून हा वाक्प्रचार मीं आत्मसात केला होता. दुसऱ्या अर्थाची मला दाद नव्हती.

शिक्षकी पेशांत पडण्यापूर्वीं एक वर्ष मी उत्तर इंग्लंडांतील एका विद्यापीठांत शिकावयास होतों. तेथें एका वृद्ध विधवा बाईंच्या घरीं माझी राहण्याजेवण्याची सोय झाली होती. बाई मितभाषी होत्या, म्हणजे मी फार बोलत असें. रात्रींचें जेवण झालें कीं त्या मोरीपाशीं उभ्या राहून भांडीं घासावयास लागत, आणि मी दाराच्या चौकटीला टेकून त्यांना आपल्या देशाची माहिती देत असें. माहिती देणें हा आमच्या लोकांचा परदेशांतला आवडता उद्योग आहे. नोव्हेंबरांतल्या एका रात्रीं मी त्यांना मान्सून समजावून देत होतों. जूनच्या आरंभीं तो केरळांत कसा येतो, मग कोंकणांत कसा कोसळतो, आणि ढगांनीं सह्याद्रि ओलांडला कीं पाऊस एकाएकीं कसा आंखडतो, येथपर्यंत मी आलों होतों. इतक्यांत बाई मागें वळून न पाहतां म्हणाल्या, 'तुम्ही आतां ड्राय अप कराल का?'

मी तत्क्षणीं ड्राय अप झालों. रहस्यकथेंतला गुंडही 'कराल का' असें विचारीत नाहीं, इतका सूक्ष्म विचार करण्याच्या मनःस्थितींत मी नव्हतों. 'शुभरात्रि' एवढें पुटपुटून मी जिना चढून गेलों. तीन महिने आपण या बाईंचा अंत पाहत होतों, ही लाज; आणि वाढपी नसलों तरी पैसे देऊन राहणारा मनुष्य आहों, हा राग. दोन्ही मिळून मला झोंप आली नाहीं. पुढचे दोन दिवस मी जेवण झालें कीं लगेच वर जात राहिलों. तिसऱ्या रात्रीं बाईंनीं एक फडकें उचललें आणि घासलेलीं ताटें एक एक करून स्वतःच पुसावयास आरंभ केला. माझ्याकडे न पाहतां त्या म्हणाल्या, 'माझीच चूक झाली. तीन महिने झाले म्हणून मला वाटलें, तुम्ही आतां पाहुणे राहिला नाहींत.'

इंग्लंडांत धुतलेलीं भांडीं फडक्यानें कोरडीं करण्याला 'ड्राय अप' म्हणतात. अमेरिकेंत तसें म्हणत नाहींत. रहस्यकथांतले गुंड भांडीं पुसतांना मला कोठेंच आढळले नव्हते. पण ते अमेरिकन होते, त्यांचा इलाज नव्हता. मीं बाईंच्या हातांतलें फडकें घेतलें, आणि तेथून निघेपर्यंत एकही रात्र न चुकतां तें काम केलें. मान्सूनचे वारे मात्र त्या घरांत सह्याद्रीच्या पूर्वेस गेलेच नाहींत. पुढें काय होतें, हें त्यांनीं विचारलें नाहीं आणि मीं सांगितलें नाहीं.

याशिवाय नाटकी लोकांचा एक अर्थ आहे. रंगभूमीवर बोलतां बोलतां पुढचें वाक्य आठवेनासें झालें कीं इंग्रज नट 'ड्राय' होतो, किंवा 'ड्राय अप' होतो, आणि पडद्याआड पुस्तक घेऊन बसलेल्या माणसाकडे कान लावतो. आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार, ही म्हण आपणही बोलणाऱ्या माणसालाच लावतों. बोलणें आणि विहीर यांची सांगड दोन्ही भाषांनीं घातलेली आहे. पण विसरलेल्या नटाची गोष्ट निराळी असते. त्याच्या आडांत पाणी असतें. पोहरा तेवढा बुडत नाहीं. गेल्या वर्षीं वर्गांत ऑथेल्लो शिकवतांना त्याच्या बायकोचें नांव मला आठवेना. जें नाटक मी अनेक वर्षें शिकवीत आलों, त्याची नायिका साठ मुलांच्या देखत नाहींशी झाली. खडू हातांत घेऊन मी फळ्याकडे वळलों, जणू कांहीं लिहावयाचें आहे. शेवटीं पहिल्या बांकावरून कोणींतरी हळूच 'डेस्डेमोना, सर' असें पुरवलें. घरीं येऊन ही हकीकत पत्नीला सांगितली, तेव्हां ती म्हणाली, 'तुम्ही दिवसभर पाणी किती कमी पितां!'

आतां त्या मुलीकडे वळतों. कागद परत दिले त्याच्या दुसऱ्या दिवशीं ती माझ्या खोलीच्या दाराशीं येऊन उभी राहिली. लातूर जिल्ह्यांतल्या एका खेड्यांतून आलेली, वर्गांत मागच्या बांकावर बसणारी. तिनें कागद टेबलावर ठेवून रेघेवर बोट ठेवलें.

'सर, यात चूक काय आहे?'

अशा प्रश्नाचें उत्तर मला पाठ होतें. मी म्हणालों, 'विहिरीचें पाणी संपतें, म्हणून विहीर ड्राय अप होते. माणसाला तें क्रियापद त्या अर्थानें लागत नाहीं.'

'मग कोणत्या अर्थानं लागतं?'

'बोलतां बोलतां त्याचे शब्द संपले, तो गप्प झाला, तर लागतें.'

'तेच लिहिलंय, सर,' ती म्हणाली.

मीं तिला बसावयास सांगितलें. ती बसली नाहीं. उभ्या उभ्याच तिनें सांगितलें. ज्या उन्हाळ्यांत मिरजेहून लातूर शहराकडे पाण्याची आगगाडी धांवली, त्या उन्हाळ्यांतली ही गोष्ट. पहिली गाडी १२ एप्रिल २०१६ रोजीं पोहोंचली. दहा वाघिणी, सुमारें पांच लाख लिटर पाणी. त्या गाडीचीं छायाचित्रें मीं वर्तमानपत्रांत पाहिलीं होतीं, आणि पाण्याला रूळांवरून जावें लागतें याबद्दल चहा पितां पितां सहकाऱ्यांपाशीं एक वाक्यही बोललों होतों. तिच्या खेड्यापर्यंत आगगाडी जात नव्हती. तेथें टँकर येई, न येई. शेतांतली विहीर आजोबांनीं खोदलेली. आमच्या दख्खनच्या काळ्या पाषाणांत पाणी राहतें तें फटींत आणि वरच्या मुरमाच्या थरांत. पाषाण स्वतः पाणी धरीत नाहीं, आणि फट कोठें आहे हें खणल्याशिवाय कळत नाहीं. वडिलांनीं कर्ज काढून दोन ठिकाणीं बोअर घेतलें. दोन्ही ठिकाणीं नुसता धुरळा वर आला. त्यानंतर ते रोज सकाळीं विहिरीवर जात आणि कठड्यावरून वांकून आंत पाहत.

'एक दिवस घरी आले,' ती म्हणाली, 'आणि बोलायचे थांबले.'

'म्हणजे, रागावून?'

'नाही, सर. रागावले असते तर बोलले असते. आई म्हणते, पाणी आटलं तसं बोलणं आटलं.'

'डॉक्टरांना दाखवलें?'

'दाखवलं. ते म्हणाले, घसा चांगला आहे.'

कांहीं तरी विचारावें म्हणून मीं विचारलें, 'पण त्या वर्षीं पुढें पाऊस चांगला झाला ना?' तो झाला होता, हें मला ठाऊक होतें. त्याच पावसाळ्यांत मांजरा धरण भरल्याच्या बातम्याही आल्या होत्या.

'झाला. विहीर वरपर्यंत भरली,' ती म्हणाली.

पुढच्या वाक्याची मीं वाट पाहिली. तिनें कागदाची घडी केली, 'येते, सर' म्हणाली, आणि तास सुरू होण्याची घंटा झाली म्हणून गेली.

त्या रात्रीं मीं कोश काढला नाहीं. कोशाप्रमाणें तिचें वाक्य बरोबर होतें, हें मला आतां ठाऊक झालें होतें. पण 'कर्ता अयोग्य' हे माझे शब्द मला स्वस्थ बसूं देईनात, आणि कोठलासा एक शब्द घशाशीं येऊन अडकल्यासारखें होत होतें. तो गीतेंत सांपडला. पहिल्या अध्यायांत अर्जुन आपलें तोंड कोरडें पडत असल्याचें सांगतो. तेथें 'शुष्' या धातूला 'परि' हा उपसर्ग लागला आहे. परि म्हणजे सभोंवार. दुसऱ्या अध्यायांत मात्र तो आपल्या शोकाला इंद्रियांचें 'उच्छोषण' करणारा असें म्हणतो. शब्द सोडवून पाहिला तर 'उत्' आणि 'शोषण'. आणि उत् म्हणजे वर. इंग्रजाचा 'ड्राय अप' अवयवशः तेथें हजर आहे. त्याचा कर्ता शोक, आणि आटतें तें माणसाचें सगळें आंतलें. त्यानंतर अर्जुन, मी लढणार नाहीं, एवढें कृष्णाला सांगतो आणि गप्प होतो. तो गप्प झाला हें संजयानें निराळें सांगितलें आहे. मीं तो अध्याय लहानपणीं पाठ करून बक्षीस मिळवलें होतें. अर्जुनापुढें कृष्णासारखा वक्ता होता, म्हणून तो थोड्याच वेळांत पुन्हां प्रश्न विचारूं लागला.

दुसऱ्या दिवशीं मी कार्यालयांत गेलों. एकदां नोंदवलेला गुण बदलावयाचा असला तर आमच्याकडे एक छापील कागद भरावा लागतो. मुलीचा क्रमांक, पूर्वींचे गुण तेरा, सुधारलेले गुण चौदा. 'बदलाचें कारण' या रकान्यांत मीं 'परीक्षकाची चूक' असें लिहून सही केली. आमचे कारकून जुने आणि काटेकोर आहेत. त्यांनीं चष्मा कपाळावर चढवून कागद डोळ्यांजवळ नेला.

'सर, नुसती चूक चालत नाही,' ते म्हणाले. 'बेरजेची चूक, की उत्तर तपासायचं राहून गेलं? दोनच प्रकार आहेत.'

मला बरेंच सांगतां आलें असतें. मीं तोंड उघडलेंही.

'बेरजेची,' मी म्हणालों.